हृदयाची जखम आणि श्वेतपेशींचा संचार

अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी तेथील कातडी लाल होते, हातास गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. वैद्यकशास्त्रात ह्या अवस्थेस 'दाह' असे म्हणतात. काटा मोडला म्हणून दाह झाला, हे कोणासही सहज पटते. कारण काटा ही बाहेरून आलेली वस्तू आहे आणि तिच्याबरोबर जंतूही आत शिरतात. परंतु बाहेरून काहीही न टोचता, एकही जंतू न शिरता, छातीच्या पिंजऱ्यात सुरक्षित असलेल्या हृदयातही असाच दाह उद्भवतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर काही तासांच्या आत रक्तातील श्वेतपेशी लक्षावधींच्या संख्येने जखमी हृदयाकडे धाव घेऊ लागतात. त्या का येतात, त्यांना बोलावतो कोण, आणि काम संपल्यावर त्यांना परतविले कसे जाते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ जिज्ञासेपुरता नाही. झटक्यातून वाचलेला रोगी पुढे धडधाकट होतो की दुबळ्या हृदयाने दिवस कंठतो, हे पुष्कळ अंशी ह्या पेशींच्या शिस्तीवर अवलंबून असते.

श्वेतपेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेकडे जातात, हे प्रथम कसे कळले ते आधी पाहू. 1867 साली युलियस कोनहाइम ह्या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पातळ पारदर्शक पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दाह झालेल्या जागी श्वेतपेशी वाहिनीच्या भिंतीस चिकटतात आणि भिंतीतून वाट काढून बाहेर येतात, असे त्यास आढळले. पुढे 1882 साली इलिया मेचनिकॉफ ह्या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने सिसिली बेटावरील मेसिना येथे एक अत्यंत साधा प्रयोग केला. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्याने बागेतील गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! त्या अळीत रक्तवाहिन्या नव्हत्या, मज्जातंतूंचे मोठे जाळे नव्हते. तरीही पेशींना जखमेचा पत्ता लागला होता. ह्याच निरीक्षणातून 'भक्षक पेशीं'चा सिद्धांत उदयास आला आणि 1908 साली मेचनिकॉफला पाउल एर्लिख ह्याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. मेचनिकॉफचा ओडेसा येथील एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. 1896 साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली, तेव्हा हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 1899 साली त्यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली आणि 1925 साली तिला त्यांचे नाव मिळाले. तीच आजची हाफकिन संस्था होय. गुरूने पेशींची धाव पाहिली, शिष्याने शरीराच्या संरक्षणशक्तीस आधीच जागे करण्याची विद्या आपल्या देशात आणली. त्या काळी मात्र ह्या पेशींचा संबंध कोणी हृदयविकाराशी जोडला नव्हता. तो जोडण्यासाठी हृदयाच्या झटक्यात नेमके काय घडते, ते समजून घेतले पाहिजे.

हृदय हा मुठीएवढा स्नायूंचा पंप आहे. तो दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावतो. साऱ्या शरीरास रक्त पुरविणाऱ्या ह्या पंपालाही स्वतःसाठी रक्त लागते आणि ते त्यास हृद्‌रोहिणी ह्या वाहिन्यांतून मिळते. वयोमानाने, तंबाखूच्या व्यसनाने, मधुमेहाने, रक्तदाबाने अथवा रक्तातील अतिरिक्त चरबीने ह्या वाहिन्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचतात. एखाद्या दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते व वाहिनी बंद होते. ज्या भागास त्या वाहिनीतून रक्त मिळत होते, त्याचा प्राणवायू तुटतो. साधारण अर्ध्या तासाच्या आसपास तेथील स्नायुपेशी मरू लागतात. रायमर आणि जेनिंग्ज ह्या शास्त्रज्ञांनी 1977 साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले, की हे मरण हृदयभिंतीच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे लाटेप्रमाणे सरकत जाते व पुढील काही तासांत पूर्ण जाडी व्यापते. मोठ्या झटक्यात अब्जावधी पेशींचा ऱ्हास होऊ शकतो. प्रौढ माणसाच्या हृदयात वर्षाकाठी शेकडा एक किंवा त्याहूनही कमी स्नायुपेशी नव्याने तयार होतात. म्हणजे गेलेला स्नायू परत येत नाही. त्याच्या जागी उरते ती जखम, आणि तिच्यावर खपली धरण्याइतकी सवड हृदयास नसते. कारण ते क्षणभरही थांबू शकत नाही. हात मोडला तर तो झोळीत बांधून ठेवता येतो, हृदयाला मात्र धडधडत असतानाच भरून यावे लागते.

आता हाक कोण देते ते पाहू. मरणाऱ्या पेशींची आवरणे फाटतात व एरवी आत बंदिस्त असलेली द्रव्ये बाहेर सांडतात. त्यांत मायटोकॉन्ड्रिया ह्या पेशीतील शक्तिकेंद्रांचे तुकडेही असतात. अतिप्राचीन काळी मायटोकॉन्ड्रिया हे स्वतंत्र जंतूच होते, असे आज शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे त्यांचे डी.एन.ए. जंतूंच्या डी.एन.ए.शी पुष्कळसे मिळते. हृदयात जन्मापूर्वीपासून वस्ती करून असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी हे तुकडे पाहतात आणि जणू जंतूंचाच हल्ला झाला आहे, अशा रीतीने जाग्या होतात. ज्या ग्राहक-रेणूंनी जंतू ओळखावयाचे, त्याच ग्राहकांनी त्या आपल्याच पेशींचे अवशेष ओळखतात. जंतू नसताना दाह का होतो, ह्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. जागे झालेले पहारेकरी इंटरल्यूकिन-1, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अशी संदेशद्रव्ये आणि केमोकाइन ह्या जातीची आकर्षक द्रव्ये सोडू लागतात. अत्तराची कुपी कोठे फुटली हे जसे वास कोठे दाट आहे त्यावरून कळते, तसेच केमोकाइन कोठे दाट आहे त्यावरून श्वेतपेशी आपली दिशा ठरवितात.

परंतु केवळ हाक ऐकू येणे पुरेसे नाही. श्वेतपेशी रक्ताच्या वेगवान प्रवाहात वाहत असते. तिला योग्य ठिकाणी उतरता आले पाहिजे. ह्यासाठी जखमेजवळच्या लहान रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर आपल्या पृष्ठावर सिलेक्टिन नावाचे रेणू प्रकट करते. त्यांना अडखळत अडखळत श्वेतपेशी अस्तरावरून गडगडत जाते व तिचा वेग मंदावतो. इतक्यात अस्तरावरील केमोकाइनचा तिला स्पर्श होतो. त्यासरशी तिच्या अंगावरील इंटिग्रिन नावाचे हस्तक ताठ होतात आणि अस्तराला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, अस्तरातील दोन पेशींच्या फटीतून आपले अंग चेपीत बाहेर पडते आणि पुढे ऊतीमध्ये सरपटू लागते. तिचा वेग मिनिटाला सुमारे 10 मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर अंतर काटण्यास तिला सुमारे 100 मिनिटे लागतात! सिलेक्टिन, केमोकाइन व इंटिग्रिन ह्या तीन पायऱ्यांपैकी एकही चुकली, तरी पेशी वाहिनीतच राहते. जेथे जखम नाही, तेथे श्वेतपेशी उगाच उतरत नाहीत, ह्याचे कारण हीच त्रिविध तपासणी होय.

सर्वांत आधी येतात त्या न्यूट्रोफिल. आपल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण 4,000 ते 11,000 श्वेतपेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा दररोज 100 अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल घडविते. झटक्यानंतर काही तासांतच त्या हृदयात दाखल होतात, पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची संख्या कळसास पोहोचते आणि आठवडा संपेपर्यंत ओसरते. मेलेल्या पेशींचा कचरा फोडणारी तीव्र एन्झाइमे व प्राणवायूपासून बनलेली दाहक द्रव्ये हे त्यांचे साहित्य होय. हे साहित्य मेलेल्या व जिवंत पेशींत फारसा भेद करीत नाही. जखमेच्या कडेला अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असलेल्या स्नायुपेशीही त्याच्या तडाख्यात सापडू शकतात. म्हणूनच न्यूट्रोफिलांची गर्दी हे एकाच वेळी साहाय्यही आहे आणि संकटही.

त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात. ह्या बाबतीत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील मॅथियास नारेनडॉर्फ, फिलिप स्विर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले संशोधन महत्त्वाचे आहे. 2007 साली त्यांनी दाखविले, की मोनोसाइट दोन तुकड्यांनी काम करतात. पहिल्या तीन-चार दिवसांत जी तुकडी प्रबळ असते, ती कचरा खाते आणि दाह वाढविते. त्यानंतर, साधारण सातव्या दिवसाच्या सुमारास, दुसऱ्या प्रकारच्या पेशी प्रबळ होतात. त्या दाह शमवितात, नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस हातभार लावतात व तंतुपेशींकडून कोलॅजनचे धागे विणवून घेतात. आधी झाडलोट, मग बांधकाम, असा हा क्रम आहे. पाडकाम संपण्यापूर्वीच बांधकाम सुरू केले तर भिंत पोकळ राहते, आणि पाडकाम थांबलेच नाही तर भिंत उभीच राहत नाही.

इतक्या थोड्या अवधीत एवढ्या पेशी येतात तरी कोठून? 2009 साली ह्याच संशोधकांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. पोटाच्या डाव्या बाजूस बरगड्यांखाली असलेली पांथरी, म्हणजेच प्लीहा, ही जुन्या तांबड्या पेशी मोडण्याची जागा म्हणून आपण शिकतो. परंतु उंदरांत तिच्यात मोनोसाइटांचा मोठा साठाही आढळला. झटका येताच अँजिओटेन्सिन-2 ह्या संप्रेरकाच्या प्रभावाने हा साठा रक्तात सोडला जातो. आपल्या दमणगंगेवरील मधुबन धरणाचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात साठलेले पाणी नदीत किती व केव्हा सोडावयाचे, हे दरवाजांच्या नियमनावर अवलंबून असते. दरवाजे मुळीच उघडले नाहीत तरी धोका, आणि एकदम सारे उघडले तरी खालच्या गावांना धोका. पांथरीचेही तसेच आहे. झटक्यानंतर रोग्यास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी काही औषधे हे अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाहीत. रक्तदाब कमी करण्यासाठी ती प्रसिद्ध आहेत. परंतु उंदरांत ती पांथरीतील पेशींचा लोंढाही रोखून धरतात, असे 2010 साली दिसून आले.

ह्या साठ्याच्या मागे अस्थिमज्जेचा कारखाना आहे. झटक्याची वेदना व भीती ह्यांनी मज्जातंतूंची जी यंत्रणा उद्दीपित होते, तिचे धागे अस्थिमज्जेपर्यंत गेलेले असतात. त्यांच्या संदेशाने मज्जेतील मूळ पेशी आपली जागा सोडतात, पांथरीत जाऊन वसतात व तेथेही नव्या श्वेतपेशी घडवू लागतात. 2012 साली ह्याच गटाने उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक चिंताजनक बाब मांडली. हृदयाच्या झटक्याने वाढलेल्या ह्या पेशी केवळ हृदयात जाऊन थांबत नाहीत. त्या शरीरातील इतर रोहिण्यांच्या मेदाच्या थरांतही शिरतात आणि ते थर अधिक मोठे व अधिक ठिसूळ करतात. एकदा झटका आलेल्या माणसास पुन्हा झटका येण्याची भीती अधिक का असते, ह्याचे एक कारण येथे असावे. पहिला झटका दुसऱ्याची वाट अशा रीतीने मोकळी करून देतो.

मग ही धाव थांबते कशी? अग्नी इंधन संपल्यावर आपोआप विझतो, तसा दाहही आपोआप विझत असेल, असे पूर्वी समजत असत. आज आपण जाणतो, की दाहाचे शमन हेही शरीराने हेतुपुरस्सर केलेले कार्य आहे. न्यूट्रोफिलचे आयुष्य मुळातच अल्प असते. काम संपल्यावर ती फुटून न जाता आतल्या आत नीटनेटकी मरते आणि मरताना लॅक्टोफेरिनसारखी द्रव्ये सोडून मागून येणाऱ्या न्यूट्रोफिलांना मज्जाव करते. अशी मेलेली न्यूट्रोफिल मॅक्रोफेज गिळून टाकतो. गिळण्याची ही क्रियाच मॅक्रोफेजचा स्वभाव पालटते: दाह वाढविणारी द्रव्ये सोडण्याचे थांबवून तो इंटरल्यूकिन-10 व टी.जी.एफ.-बीटा ही शामक आणि बांधकामास उपकारक द्रव्ये सोडू लागतो. त्याच सुमारास नियामक टी-पेशी येऊन उरलेल्यांना आवर घालतात. केमोकाइन तोडून टाकणारी एन्झाइमे वासाचा मागही पुसून टाकतात. अशा रीतीने दोन-तीन आठवड्यांत दाह बहुतांशी शमतो व पुढील आठवड्यांत कोलॅजनचा व्रण घट्ट होत जातो. हा व्रण आकुंचन पावत नाही, पण हृदयाची भिंत फाटू देत नाही. आणि तेवढ्यासाठी तो अनमोल आहे.

येथवर वाचल्यावर एक सोपा उपाय कोणाच्याही मनात येईल. दाहाने नुकसान होते ना? मग श्वेतपेशींना येऊच देऊ नये! वैद्यांनाही एके काळी असेच वाटले होते. दाह दडपून टाकणारी स्टेरॉइड औषधे झटक्याच्या रोग्यांस देऊन पाहण्यात आली. परंतु 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन हे औषध वारंवार दिलेल्या रोग्यांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडल्याचे आढळले. कचरा उपसला गेला नाही आणि व्रण वेळेवर भरला नाही, तर मऊ पडलेली भिंत फुगते व क्वचित फाटतेही. हा धोका पहिल्या आठवड्यातच सर्वांत अधिक असतो. पुढे अधिक नेमका उपाय म्हणून श्वेतपेशींचे इंटिग्रिन हे हस्तकच निकामी करणारी प्रतिद्रव्ये बनविण्यात आली. प्राण्यांत ती आशादायक ठरली होती. पण 2001 व 2002 साली प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील चाचण्यांत त्यांचा लाभ दिसला नाही. 2017 साली तर उंदरांवरील संशोधनाने असे दाखविले, की न्यूट्रोफिल काढून टाकल्या असता मॅक्रोफेजांस दुरुस्तीचे वळणच नीट लागत नाही आणि हृदय अधिक दुबळे होते. ज्या पेशी मोडतोड करतात म्हणून आपण त्यांना दोष देत होतो, त्याच पुढच्या बांधकामाची सूचना देणाऱ्या निघाल्या.

नवजात उंदराचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. जन्मल्यापासून पहिल्या दिवशी उंदराच्या पिलाच्या हृदयाचा लहानसा भाग काढून टाकला, तर तो पुन्हा उगवतो. सातव्या दिवशी मात्र ही शक्ती नाहीशी झालेली असते, असे 2011 साली आढळले. 2014 साली त्याच प्रकारच्या पिलांतून मॅक्रोफेज नष्ट करून पाहिले, तेव्हा पहिल्या दिवसाच्या पिलाचे हृदयही पूर्ववत होईना. म्हणजे संरक्षक पेशींवाचून दुरुस्ती नाही. तेव्हा उपचाराचे ध्येय त्यांना हाकलून लावणे हे नसून त्यांची संख्या, वेळ व मुक्काम मर्यादेत ठेवणे हे आहे. ह्या एका वाक्यात आमच्या लेखाचे सार आले.

मर्यादा घालण्याचे हे प्रयत्न आज दोन दिशांनी चालले आहेत. पहिला प्रयत्न इंटरल्यूकिन-1 ह्या संदेशद्रव्यास रोखण्याचा. पूर्वी झटका येऊन गेलेल्या 10,061 रोग्यांवर कॅनाकिनुमॅब ह्या औषधाची मोठी चाचणी झाली व तिचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू ह्यांचे प्रमाण सुमारे शेकडा 15 ने घटले; परंतु जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू काहीसे वाढले. पहारेकऱ्यांचा आवाज दाबला की खरा चोर आला तरी हाक उठत नाही, हे त्याचे कारण.

दुसरा प्रयत्न कॉल्चिसिन ह्या फार जुन्या औषधाचा आहे. सांधेदुखीच्या गाउट ह्या विकारावर ते दीर्घकाळ वापरले जाते. पेशीच्या आत सूक्ष्म नलिकांचा जो सांगाडा असतो, त्याची बांधणी हे द्रव्य रोखते. त्यामुळे न्यूट्रोफिलची चाल मंदावते. आपल्याकडे पावसाळ्यात रानात व कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावीची वेल अनेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात व बियांत हेच कॉल्चिसिन असते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटका आल्यापासून महिन्याच्या आत 4,745 रोग्यांपैकी निम्म्यांस रोज अर्धा मिलिग्रॅम कॉल्चिसिन देण्यात आले. पुढील अनिष्ट घटनांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत शेकडा 5.5, तर न घेणाऱ्यांत शेकडा 7.1 असे आढळले. ह्या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण झाली. परंतु 2024 साली 7,062 रोग्यांवरील दुसऱ्या चाचणीत असा लाभ दिसून आला नाही. शास्त्र असेच पुढे जाते. एका चाचणीने उघडलेले दार दुसरी चाचणी पुन्हा तपासून पाहते. येथे विद्यार्थ्यांस एक कडक सूचना देणे आमचे कर्तव्य आहे: कळलावीचा कंद हे प्राणघातक विष आहे. औषध व विष ह्यांतील अंतर येथे अत्यंत थोडे असते. म्हणून तिचा कोणताही भाग कोणी कधीही तोंडात घालू नये व घरगुती उपाय म्हणून कोणास देऊ नये.

ह्या सर्व ज्ञानाचा आपल्या घरी उपयोग काय? पहिला उपयोग वेळेचा. जखम जितकी लहान, तितका कचरा थोडा, हाक थोडी आणि श्वेतपेशींचा लोंढाही थोडा. बंद वाहिनी लवकर उघडणे हाच श्वेतपेशींच्या नियमनाचाही सर्वोत्तम उपाय ठरतो. छातीच्या मध्यभागी दाब वा आवळल्यासारखी कळ, ती डाव्या हाताकडे, पाठीत अथवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही लक्षणे दिसताच 'पित्त झाले असेल, सकाळपर्यंत पाहू' असे म्हणणे म्हणजे स्नायू डोळ्यांदेखत मरू देणे होय. स्त्रियांत व मधुमेह्यांत वेदना फारशी नसून केवळ धाप व ग्लानीही असू शकते. आपल्या प्रदेशात खानवेल, दुधनी अशा डोंगराळ भागातून सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलास पोहोचेपर्यंत वेळ जातो. तेव्हा घरात चर्चा करीत बसण्याऐवजी प्रथम 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वडीलधारी माणसे संकोचाने दुखणे लपवितात. अशा वेळी घरातील शाळकरी मुलाने पुढाकार घेतला तरी एक जीव वाचू शकतो.

दुसरा उपयोग धीराचा. झटक्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी रोग्यास बरे वाटू लागते आणि शेतावर किंवा कारखान्याच्या पाळीवर जाण्याची त्याची घाई सुरू होते. परंतु नेमक्या त्याच दिवसांत हृदयात पाडकाम संपून बांधकामास आरंभ होत असतो आणि भिंत सर्वांत नाजूक असते. डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात हळूहळू चालावे, पण जड काम करू नये. दुकानातून मनाने आणलेली वेदनाशामक औषधे अशा रोग्यास विशेष अपायकारक ठरतात. कारण त्यांपैकी पुष्कळ औषधे हृदयाचा धोका वाढवितात. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र, बरे वाटते म्हणून, मध्येच सोडू नयेत. पांथरी व अस्थिमज्जा शांत होण्यास रोग्याच्या भावनेपेक्षा अधिक वेळ लागतो. तंबाखू व विडी कायमची सोडणे हाही ह्याच उपचाराचा भाग आहे, कारण धूर हा रोहिण्यांच्या अस्तरास रोज नव्याने डिवचीत असतो.

तिसरा उपयोग तुम्हा विद्यार्थ्यांच्या भावी आयुष्याचा. वरील वृत्तांतात ज्या गोष्टी निश्चित झाल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळशा उंदरांत पाहिलेल्या आहेत. माणसाच्या हृदयात त्याच गोष्टी तितक्याच प्रमाणात घडतात काय, कोणत्या रोग्यात दाह अधिक काळ टिकेल हे रक्ताच्या साध्या तपासणीवरून आधी सांगता येईल काय, दुरुस्ती करणाऱ्या पेशींना धक्का न लावता केवळ उपद्रवी पेशींना आवरता येईल काय, हे प्रश्न अद्याप सुटावयाचे आहेत. ते सोडविण्यासाठी दूरदेशीच जावे लागेल असेही नाही. सिल्वासा येथेच 2019 सालापासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; आणि ह्या शास्त्राचा पाया ज्या प्रयोगाने घातला, त्यास लागले ते साहित्य गुलाबाचा काटा, एक अळी आणि सूक्ष्मदर्शक एवढेच होते. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहे. त्याखाली ठेवलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर जांभळ्या रंगाच्या, दोन-चार पाळ्यांच्या केंद्रकाच्या पेशी दिसतील, त्या न्यूट्रोफिल. पुढील तासिकेत त्या अवश्य शोधाव्यात, मोजाव्यात आणि त्यांचे चित्र वहीत काढावे.